शिकवणारेही नवखे, शिकणारेही

‘एक खोल श्वास घ्या आणि त्याच दमात एक ते तीस आकडे मोठ्याने मोजा.’ मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधले फॅमिली डॉक्टर फोनवर रुग्णांना हे सांगू लागले होते. रुग्ण कितव्या आकड्यावर थांबतो आणि तिथपर्यंत पोहोचायला त्याला किती सेकंद लागतात, यावरून त्याच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाला आहे का, याचा अंदाज बांधायचा. या चाचणीचे नाव ‘रॉथ स्कोअर’. उपकरण लागत नाही, रुग्णाला घराबाहेर पडावे लागत नाही आणि डॉक्टरच्या हाती एक आकडा येतो. वरिष्ठांनी ती चाचणी उचलली आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांनीही घेतली. मग ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या अभ्यासकांनी तिच्यामागचा पुरावा तपासला. मूळ अभ्यास रुग्णालयातल्या रुग्णांवर, त्यांना समोर बसवून झाला होता. कोविडमध्ये आणि तेही फोनवर ही चाचणी चालते, याला आधारच नव्हता. खरोखर गंभीर असलेला रुग्ण तीस आकडे मोजून ‘पास’ होईल आणि घरीच राहील, हा धोका मोठा होता. ही चाचणी वापरू नका, असा स्पष्ट सल्ला त्यांनी दिला.

चाचणी किरकोळ होती, पण तिच्या निमित्ताने एक दुर्मीळ गोष्ट घडली. वीस वर्षे दवाखाना चालवणारा डॉक्टर आणि त्याच्याकडे शिकायला आलेला डॉक्टर एकच गोष्ट एकाच आठवड्यात शिकले आणि दोघांनी ती एकाच वेळी सोडूनही दिली. वैद्यकशास्त्रात शिकवणाऱ्याचे अधिकारपण त्याने पाहिलेल्या रुग्णांच्या संख्येवर उभे असते. साथीच्या पहिल्या महिन्यात कोविडचे रुग्ण कोणीच पाहिलेले नव्हते.

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टर, म्हणजे तिथल्या भाषेत ‘जीपी’, होण्यासाठी वैद्यकीय पदवी पुरत नाही. पदवीनंतर दोन वर्षे पायाभूत प्रशिक्षण आणि त्यानंतर तीन वर्षे जीपीचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातला काही काळ रुग्णालयात जातो आणि बाकीचा प्रत्यक्ष एखाद्या दवाखान्यात. तिथे प्रशिक्षणार्थीला, ज्याला ‘रजिस्ट्रार’ म्हणतात, एक ठरलेला प्रशिक्षक मिळतो. हा प्रशिक्षक त्याच दवाखान्यात रुग्ण तपासणारा अनुभवी डॉक्टर असतो आणि शिकवण्यासाठी त्यालाही वेगळे प्रशिक्षण व मान्यता घ्यावी लागते. सुरुवातीला रजिस्ट्रारला एका रुग्णासाठी अर्धा तास मिळतो, सराव वाढेल तशी ती वेळ दहा-पंधरा मिनिटांवर येते. अडले की शेजारच्या खोलीचे दार ठोठवायचे. सकाळचे रुग्ण संपले की दोघे बसून एकेका रुग्णाबद्दल बोलतात. आठवड्यातून एकदा निवांत शिकवणीही असते. आपल्याकडच्या एमबीबीएस डॉक्टरला हे सारे चैनीचे वाटेल, पण कुटुंबाचा डॉक्टर घडवण्याचा हाच मार्ग तिथे चाळीसेक वर्षांपासून सक्तीचा आहे.

या साऱ्या रचनेचा आधार एकच होता, तो म्हणजे एकाच छताखालचा सहवास. मार्च २०२० मध्ये नेमका तोच गेला. प्रत्येक रुग्णाशी आधी फोनवर बोलावे आणि अगदी गरज असेल त्यालाच बोलवावे, असा आदेश दवाखान्यांना आला. त्याआधी इंग्लंडमध्ये दहापैकी सुमारे आठ तपासण्या समोरासमोर होत. एप्रिलमध्ये हे प्रमाण निम्म्याच्याही खाली उतरले. ठोठवायला दारच राहिले नाही. कित्येक ठिकाणी रजिस्ट्रार एका खोलीत फोनवर आणि प्रशिक्षक त्याच्या घरी संगणकासमोर, असे चित्र होते.

प्रशिक्षक घरी असण्यामागे एक कारण होते आणि ते दोघांनाही अवघड वाटणारे होते. वय, मधुमेह, उच्च रक्तदाब यांनी कोविडचा धोका वाढतो, हे लवकरच कळले. पहिल्या लाटेत ब्रिटनमध्ये मरण पावलेल्या डॉक्टरांमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्यांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे होते. भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी तिथले कित्येक दवाखाने दशकानुदशके चालवले आहेत. त्यामुळे पन्नाशी-साठीतल्या अनेक भारतीय वंशाच्या प्रशिक्षकांना रुग्णांपासून दूर बसावे लागले. ज्यांना समोर बोलावणे भागच होते, अशा रुग्णांना तपासायला मास्क-एप्रन घालून तरुण डॉक्टर जाऊ लागला. छातीला स्टेथोस्कोप लावणारा हात शिष्याचा आणि ऐकलेल्याचा अर्थ लावणारे डोके गुरूचे, अशी विभागणी झाली. आपल्या जागी विद्यार्थ्याला धोक्यात पाठवताना वाटणारा संकोच कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. सामान्य शिकवणीत न येणारे प्रश्न यामुळे चर्चेत आले. घरी म्हातारे आई-वडील असतील तर काय करायचे, भीती वाटते हे सांगायचे की नाही, आणि सांगितले तर ते मूल्यमापनात कुठे लिहिले जाईल?

दुसऱ्या बाजूने, तरुणांकडे असे काही होते जे प्रशिक्षकांकडे नव्हते. काही रजिस्ट्रार नुकतेच रुग्णालयातून आले होते, तर काहींना तिथे परत पाठवले गेले होते. कोविडचा रुग्ण पहिले पाच-सहा दिवस साध्या तापासारखा असतो आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास अचानक ढासळू शकतो, हे त्यांनी वॉर्डात डोळ्यांनी पाहिले होते. ऑक्सिजन ८०-८५वर असलेला माणूस पलंगावर बसून मोबाइलवर शांतपणे बोलतो, हेही त्यांनी पाहिले होते. दम लागल्याशिवाय ऑक्सिजन एवढा उतरत नाही, ही वरिष्ठांची आयुष्यभराची समजूत होती. ती समजूत मोडायला तरुणांचे दोन महिन्यांचे अनुभव कामी आले. व्हिडिओवर रुग्ण कसा पाहायचा, रुग्णाने पाठवलेले पुरळाचे छायाचित्र नोंदीत कसे जोडायचे, अशा गोष्टी तर उघडच उलट्या दिशेने शिकवल्या गेल्या.

म्हणून प्रशिक्षकांची गरज संपली, असा मात्र याचा अर्थ नाही. त्यांच्याकडे काय उरले होते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक पण अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. पन्नाशीतला बसचालक फोनवर आहे. आजाराचा सहावा दिवस. ‘ताप उतरलाय, खोकला आहे, बाकी बरा आहे,’ असे तो सांगतो. रजिस्ट्रार नियमाप्रमाणे प्रश्न विचारतो, दम लागतो का? ‘नाही.’ छातीत दुखते का? ‘नाही.’ फोन संपत आला आहे. तिसऱ्या टोकाला ऐकणारा प्रशिक्षक एक प्रश्न मध्ये घालतो, ‘काल जे जमत होते, त्यातले आज काय जमले नाही?’ थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग मागून बायकोचा आवाज येतो, ‘सकाळपासून जिना चढलेले नाहीत, खालीच सोफ्यावर झोपलेत.’ एवढ्यावर निर्णय बदलतो.

काल आणि आज यांची तुलना करायला लावणारा हा प्रश्न कोविडमध्ये फार उपयोगी ठरला. ट्रिश ग्रीनहाल्घ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ मार्च २०२० रोजी ‘बीएमजे’ या नियतकालिकात फोनवरून कोविडचा रुग्ण कसा तपासावा याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातही रुग्णाला त्याच्याच शब्दांत श्वासाबद्दल बोलू द्यावे, कालच्यापेक्षा आज कसे आहे ते विचारावे, यावर भर होता. मुरलेला फॅमिली डॉक्टर हे नेहमीच करत आलेला असतो. आजार नवा असला तरी आजारी माणूस नवा नसतो. तो ‘बरा आहे’ का म्हणतो, नोकरी जाण्याची भीती कुठे बोलते, घरातल्या कोणाला विचारले की खरे कळेल, ही प्रशिक्षकाची शिदोरी होती.

याहूनही मोठी एक गोष्ट प्रशिक्षकांकडे होती आणि ती म्हणजे अनिश्चितता हाताळण्याची रीत. रॉजर नेबर या ब्रिटिश जीपीने १९८७ मध्ये ‘दि इनर कन्सल्टेशन’ या पुस्तकात तिला ‘सेफ्टी नेटिंग’ असे नाव दिले. सर्कशीतल्या झुल्याखाली जाळी बांधतात तशी ही जाळी. रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वी डॉक्टरने स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. आपले निदान बरोबर असेल तर पुढे काय घडेल, ते चुकले असेल तर आपल्याला कशावरून कळेल, आणि तसे कळले तर आपण काय करू? एरवी रजिस्ट्रार हे परीक्षेपुरते पाठ करतात. ‘काही वाटले तर फोन करा’ एवढे म्हटले की जाळी बांधली, असेही पुष्कळांना वाटते. आपल्याकडच्या दवाखान्यांतही हे वाक्य रोज ऐकू येते आणि त्याचा रुग्णाला काडीचाही उपयोग नसतो. काही म्हणजे काय? कधी? कोणाला फोन?

कोविडने या जाळीची वीण घट्ट करायला लावली. बसचालकाला सांगायचे ते असे: आजाराचा सातवा ते दहावा दिवस जोखमीचा. उद्या सकाळी दहाला आम्हीच फोन करू. त्याआधी संडासपर्यंत जाताना दम लागला, एक वाक्य पुरे करताना थांबावे लागले, ओठ निळसर दिसले किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर आमची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. आणि हे सारे बायकोलाही सांगायचे, कारण ऑक्सिजन उतरलेल्या माणसाला स्वतःचे बिघडणे कळत नाही. रजिस्ट्रारने हे बोलून झाल्यावर प्रशिक्षक विचारी, ‘आता त्यांनी तुला हेच उलट सांगितले का?’ सांगितलेले रुग्णाच्या तोंडून परत ऐकणे ही फोनवर एकमेव खात्री होती.

पल्स ऑक्सिमीटर हाती आल्यावर काम सोपे झाले. नोव्हेंबर २०२०पासून इंग्लंडभर रुग्णांना ही बोटाची चिमटी घरी देऊन त्यांच्यावर नजर ठेवण्याची योजना सुरू झाली. ९५ आणि वर असेल तर घरी, ९३-९४ला डॉक्टरशी बोलणे, ९२ किंवा खाली गेले तर थेट रुग्णालय. आकडा मिळाल्याने दोघांनाही हायसे वाटले. पण पुढच्याच महिन्यात अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ठीक दाखवत असूनही प्रत्यक्षात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट आढळले. त्वचेतला रंग यंत्राच्या प्रकाशाला फसवतो. म्हणजे पुन्हा, आकडा बघा पण माणसाकडेही बघा. सावळ्या कातडीच्या देशात या अभ्यासाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे.

रुग्णांनीही या दोघांना शिकवले. ‘कॉफीचा वासच येत नाही,’ असे लोक मार्चपासून फोनवर सांगत होते. ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने मार्चमध्येच त्याकडे लक्ष वेधले होते. सरकारी लक्षणांच्या यादीत मात्र वास जाणे आले १८ मे रोजी. मधल्या सुमारे दोन महिन्यांत रजिस्ट्रारपुढे पेच होता, यादीत नसलेल्या लक्षणावर विश्वास ठेवायचा का? इथे चांगला प्रशिक्षक आणि सामान्य प्रशिक्षक यांतला फरक दिसला. सामान्य प्रशिक्षक यादी दाखवी. चांगला प्रशिक्षक म्हणे, यादीत काय आहे ते रुग्णाला सांग, तू काय ऐकतो आहेस ते लिहून ठेव आणि हा रुग्ण संसर्गजन्य आहे असे धरून वाग.

औषधांच्या बाबतीत शिकण्यापेक्षा शिकलेले विसरणे अवघड गेले. ताप-खोकला लांबला की ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लिहिण्याचा हात तिथेही होता. ऑक्सफर्डने जीपींच्या रुग्णांवरच घेतलेल्या ‘प्रिन्सिपल’ या चाचणीने जानेवारी २०२१ मध्ये दाखवून दिले की, घरी असलेल्या कोविड रुग्णांना या दोन्ही औषधांचा सरसकट उपयोग नाही. त्याआधी जून २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले एक-पंचमांशाने कमी करते, हे सिद्ध केले होते. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. या शेवटच्या वाक्याची किंमत भारताने २०२१ मध्ये फार जबर मोजली. घरी असलेल्या, मधुमेही रुग्णांनाही सर्रास स्टेरॉइड दिले गेले आणि म्युकरमायकोसिसच्या हजारो रुग्णांनी राज्यातली रुग्णालये भरली. बातमीचा पहिला अर्धा भाग चिठ्ठीपर्यंत पोहोचला, दुसरा वाटेत गळाला. शेजारी बसून ‘या रुग्णाला हे का?’ असे विचारणारे कोणी असते तर काही डोळे वाचले असते.

परीक्षाही बदलावी लागली. जीपीच्या अंतिम परीक्षेत लंडनमध्ये तेरा नटांना रुग्ण बनवून, प्रत्येकी दहा मिनिटांत तपासायला लावत. साथीत ती रद्द झाली आणि त्याऐवजी खऱ्या रुग्णांशी झालेल्या तेरा संभाषणांचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण, अर्थातच रुग्णाच्या परवानगीने, पाठवायचे ठरले. घाईत काढलेला हा तोडगा होता आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली; चांगली संभाषणे निवडून पाठवण्याचा ताण रजिस्ट्रारना नकोसा झाला. तरी त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. प्रशिक्षक आणि रजिस्ट्रार एकत्र बसून स्वतःचे आवाज ऐकू लागले. रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर त्याला किती लवकर तोडतो, हे ऐकताना कानशिले तापतात. काही प्रशिक्षकांनी आपलीही मुद्रणे विद्यार्थ्यापुढे ठेवली. भारतीय महाविद्यालयातून तिथे गेलेल्या डॉक्टरांना हे पचवायला वेळ लागतो. वॉर्डच्या राउंडला सरांचे चुकले असे म्हणायची सोय नसलेल्या वातावरणातून ते आलेले असतात.

नुकसानही झाले आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वर्ष-दीड वर्षात घडलेल्या रजिस्ट्रारनी पोटे कमी चाचपली, कानांत कमी डोकावले. तापाने फणफणलेले मूल खेळते आहे की मलूल आहे, हे दारातून आत येतानाच ओळखण्याची नजर शेकडो मुले पाहूनच येते, व्हिडिओवर येत नाही. फोनवर बोलणारी बाई खोलीत एकटी आहे की मारणारा नवरा शेजारीच बसला आहे, हे कळायला ‘हो-नाही’त उत्तर देता येतील असे प्रश्न शिकवावे लागले. एकत्र चहा पिताना सहज होणारी शिकवणी तर बंदच पडली. निर्बंध उठल्यावर पुष्कळ प्रशिक्षकांनी रजिस्ट्रारना मुद्दाम समोरासमोरचे रुग्ण दिले, शेजारी बसून तपासण्या करून घेतल्या. ध्वनिमुद्रणांची परीक्षा २०२३ मध्ये बंद झाली. आता पुन्हा नट रुग्ण होतात, पण पडद्यावर.

आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजीच केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून उपचार करण्याला पहिल्यांदा स्पष्ट मान्यता मिळाली. त्यांत काय लिहून द्यावे आणि काय नाही याच्या याद्या होत्या. फोनवर ऐकायचे कसे, हे शिकवणारे मात्र कोणी नव्हते. एमबीबीएसनंतर एका वर्षाची इंटर्नशिप केली की आपला डॉक्टर स्वतंत्र होतो. फॅमिली मेडिसिनमधली तीन वर्षांची डीएनबी पदवी आहे, पण तिच्या जागा मोजक्या आणि शिकणाऱ्यांचा बहुतेक काळ रुग्णालयांत जातो. मग साथीत गुरू-शिष्यांची जागा व्हॉट्सॲपवरच्या डॉक्टरांच्या गटांनी घेतली. तिथे काही चांगलेही घडले. सहा मिनिटे चालून आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजण्याची रीत दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत अशा गटांतून झपाट्याने पोहोचली. त्याच गटांतून, त्याच वेगाने, कोणाचीतरी सात औषधांची चिठ्ठीही फिरली. ‘हे कशासाठी?’ असे गटात विचारणारा कनिष्ठ डॉक्टर विरळा आणि विचारल्यावर ‘मलाही खात्री नाही’ असे उत्तर देणारा वरिष्ठ त्याहून विरळा.

ब्रिटनमध्ये रजिस्ट्रारचा पगार सरकारी पैशातून येतो आणि त्याला शिकवणाऱ्या दवाखान्याला वेगळे अनुदान मिळते. त्या पैशातून प्रशिक्षकाला शिकवण्याचा वेळ काढता येतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. पण संध्याकाळी सातला बाहेर वीस रुग्ण ताटकळत असताना, एका नव्या डॉक्टरला शेजारी बसवून प्रत्येक रुग्णावर पाच मिनिटे बोलण्याचा खर्च कोणी उचलायचा, हे कुठल्याच योजनेत लिहिलेले नाही.